पुलापलीकडचा गोल

डॉक्टरांनी पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला तेव्हाच मी काय ते समजलो. चांगली बातमी द्यायला कुणी पडदा कशाला ओढेल?

"हॉजकिन लिम्फोमा," कन्सल्टंट म्हणाले. गळ्यात, काखेत, छातीत सगळ्यांनाच बारीक बारीक ग्रंथी असतात. जंतूंशी लढणं हे त्यांचं काम. लिम्फोमा म्हणजे त्या ग्रंथींचाच कॅन्सर. ते पुढेही बरंच बोलले. उपचार आहेत, चांगले आहेत, लवकर सुरू करू, असं काहीतरी. मी मान डोलावत होतो, पण डोक्यात काही शिरत नव्हतं.

ते गेल्यावर त्यांच्या हाताखालच्या रजिस्ट्रार डॉ. निकम मागे थांबल्या. बाई मूळच्या धुळ्याच्या. सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलायच्या, आता हळूच मराठीत म्हणाल्या, "हे बरं होणारं आहे. उगाच धीर द्यायचा म्हणून सांगत नाहीये. पण आधी वहिनींना बोलावून घ्या. आत्ता एकटे बसू नका."

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी रिपोर्टची वाट बघत असेल तर माझंही तेच सांगणं आहे. ऐकायला दुसरे दोन कान बरोबर ठेवा. आपले त्या वेळी कामाचे नसतात.

मी आयर्लंडमध्ये, लिमरिक शहरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हा माझा धंदा, आणि घरच्यांच्या मते माझा स्वभावही. पण स्वतःच्या शरीरानं केलेल्या तक्रारी मी झकास टोलवल्या. पायांना खाज सुटली तेव्हा दोष इथल्या पाण्याला दिला. रात्री अंगावरचा टीशर्ट पिळून काढण्याइतका घाम यायला लागला तेव्हा मृणालला, म्हणजे बायकोला, हीटिंग बंद करायला लावलं. ती बिचारी दोन दुलया घेऊन झोपायची. कपडे सैल झाले तर मी खूशच झालो. शेवटी ऑफिसचा जिना चढताना धाप लागली आणि जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, छातीचा एक्सरे काढायला लावला. एक्सरेत दोन फुप्फुसांच्या मध्ये नको तेवढी पांढरी सावली दिसली. मग इमर्जन्सीतली ट्रॉली, सीटी स्कॅन, आणि बायोप्सी. बायोप्सी म्हणजे गाठीचा छोटासा तुकडा सुईनं काढून तपासायला पाठवणं. सुई दुखत नाही. दुखतं ते नंतरचं थांबणं.

त्या थांबण्यात माझ्या शेजारच्या पलंगावर रुबेन होता. साठीचा, रुंद खांद्यांचा, ब्युनोस आयर्सच्या एका उपनगरातून आलेला. आयरिश बाईशी लग्न करून इथे स्थायिक झालेला आणि शाळेत स्पॅनिश शिकवणारा. त्याच्या यकृतात गाठ सापडली होती. त्याचीही बायोप्सी झाली होती, आणि त्याचाही रिपोर्ट यायचा होता. आजारानं आमची दोस्ती करून दिली असं म्हणायला हरकत नाही.

पलंगाशेजारच्या प्रेसवर, म्हणजे कपाटावर, मोबाइल टेकवून तो त्याच्या गावच्या क्लबची मॅच बघायचा. तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब. मी क्रिकेटवाला. फुटबॉल म्हटलं की मला टीव्हीवरची हिरवीगार मैदानं आठवायची. इथे मैदानाच्या मध्यभागी गवत उडून माती दिसत होती, भिंतीवर टायरच्या दुकानाची जाहिरात रंगवलेली होती, आणि गोलमागे एक कुत्रं निवांत झोपलं होतं. खेळाडूंना पगार मिळतो, पण त्यात घर चालत नाही, म्हणून कित्येक जण दुसरीकडेही काम करतात, असं रुबेन सांगायचा. क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये जाईल या आशेवर त्याच्या वडिलांचं आयुष्य गेलं होतं, आता त्याचं चाललं होतं.

माझ्यातल्या टेस्टरनं लगेच एक खोट काढली. एक स्टँड माणसांनी भरलेला आणि समोरचा पूर्ण रिकामा. तिकिटं खपत नाहीत का, मी विचारलं. तो म्हणाला, मारामाऱ्या फार व्हायच्या, माणसं मरायची, म्हणून खालच्या डिव्हिजनमध्ये पाहुण्या संघाच्या लोकांना मैदानात येऊच देत नाहीत. "मग तुमची टीम दुसऱ्याच्या मैदानावर खेळायची तेव्हा तू कुठे असायचास?" यावर तो नुसता हसला. ती वेगळी गोष्ट आहे, म्हणाला.

तर ती सकाळ. माझा पडदा उघडला आणि डॉक्टर मंडळी रुबेनकडे गेली. त्याचाही पडदा ओढला गेला. आत हलक्या आवाजात बोलणं झालं. पडदा उघडला तेव्हा रुबेन समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. जबडा घट्ट, चेहरा दगडासारखा. त्यानं माझ्याकडे बघून जेमतेम मान हलवली. मी मनाशी म्हटलं, यालाही तेच.

खोटं कशाला बोलू, मला आधार वाटला. संकट वाटून घ्यायला कुणीतरी मिळालं की माणूस इतका स्वार्थी होतो.

त्यानंतर आमच्या घरानं रुबेनला दत्तकच घेतलं. मृणाल मऊ खिचडी आणायची ती दोन डब्यांत. आई तेव्हा वर्ध्याहून आमच्याकडे आली होती. तिनं गावच्या देवीचा अंगारा आणला होता. मला लावून झाल्यावर ती तडक शेजारच्या पलंगाकडे वळली. मी म्हटलं, अगं, तो ख्रिश्चन आहे. "मंग काय झालं? त्यालेबी माय असंलच ना," असं म्हणून तिनं रुबेनच्या कपाळावर बोट टेकवलं. त्यानं डोळे मिटून मान खाली केली.

संध्याकाळी सगळे गेले की मी त्याच्याशी बोलायचो. मृणालसमोर मी 'ग्रँड', म्हणजे एकदम मजेत, असायचो. या देशात पाय मोडला तरी माणूस ग्रँडच असतो, ती सवय मलाही लागली होती. रुबेनसमोर मात्र ते नाटक करायची गरज नव्हती, कारण तोही त्याच बोटीत होता. माझ्यामागे मृणाल या परक्या देशात एकटी पडेल, आईला माझं मरण बघावं लागेल, औषध मला लागूच पडणार नाही, हे सगळं मी त्याला सांगितलं. एकदा तर हुंदके देऊन रडलो. तो माझा हात धरून बसला. स्वतःबद्दल चकार शब्द बोलला नाही.

आठवड्याभरानं नर्स त्याचे डिस्चार्जचे कागद घेऊन आली. चांगली बोलघेवडी होती. म्हणाली, "रुबेन, कॅन्सर नाही असं सांगितल्यावर तरी जरा हसायचं होतंस. डॉक्टरांना वाटलं, तुला कळलंच नाही."

त्याच्या यकृतात नुसतं गळू होतं. पू काढला होता, अँटिबायोटिकचं सलाईन चालू होतं, म्हणून तो इतके दिवस थांबला होता. आणि हे त्याला त्या सकाळपासून माहीत होतं.

मी भडकलो. माझी खिचडी, माझ्या आईचा अंगारा, माझं रडणं! मला वेड्यात काढलंस, असं मी त्याला तोंडावर म्हणालो आणि पाठ फिरवून पडून राहिलो. कपडे बदलून झाल्यावर तो खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसला. आणि त्यानं ती वेगळी गोष्ट सांगितली.

तो अजून तिकडेच होता तेव्हा त्याच्या बहिणीचा नवरा प्रतिस्पर्धी क्लबच्या वस्तीत राहायचा. त्याच्या मित्राचं सभासद-कार्ड घेऊन रुबेन त्यांच्या स्टँडमध्ये घुसायचा. राखाडी स्वेटर घालून, त्यांच्याच लोकांत बसायचा. त्यांचा गोल झाला की उठून टाळ्या वाजवायच्या. आपला झाला की डोक्याला हात लावायचा. ओळखलं गेलं तर हाडं शिल्लक राहत नाहीत. असे लपलेले बरेच असतात, पण कोण ते कुणालाच कळत नाही.

एका वर्षी वरच्या डिव्हिजनमध्ये कोण जाणार याचा निकाल तिथेच लागणार होता. अगदी शेवटाला रुबेनच्या संघानं गोल केला. वडिलांनी जन्मभर वाट पाहिलेला गोल. रुबेनच्या शेजारी त्या वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते रुबेनला आपल्यातलाच समजून त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले.

"आधी मी भीतीनं गप्प बसायचो," रुबेन म्हणाला. "त्या दिवशी भीती कुठेच नव्हती. तो माणूस माझ्या खांद्यावर रडत होता. मी कसा ओरडणार? त्या सकाळी डॉक्टर माझ्याकडे येण्याआधी मी पडद्याआडून तुझं सगळं ऐकलं होतं."

मी विचारलं, मग तो गोल तसाच गिळलास?

गिळायचा नसतो, तो म्हणाला. परतीच्या बसमध्येही सगळे मुकाट बसले होते. वस्ती संपते तिथे नदी आहे. बस पूल ओलांडून पलीकडे आली आणि मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "गोल!" मग दुसरा. मग तिसरा. निम्मी बस त्याच्याच संघाची निघाली. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

तो गेला आणि मला आमच्याकडच्या रीती आठवल्या. आमच्याकडेही चांगली बातमी लपवतात. दिवस गेले तरी तीन महिने बोलायचं नाही, नोकरी लागली तरी रुजू होईपर्यंत सांगायचं नाही, का तर दृष्ट लागेल. आपला आनंद आम्ही आपल्यासाठी लपवतो. या माणसानं तो माझ्यासाठी लपवला होता, आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी फोन करून तसं सांगितलं, तर म्हणाला, खिचडीची रेसिपी पाठव.

मग केमो सुरू झाली. केमो म्हणजे शिरेतून दिलेलं औषध, जे भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, पण केसांच्या आणि तोंडातल्याही वाढतात, म्हणून केस गेले, तोंड आलं, चहाची चव पत्र्यासारखी लागायला लागली. डे वॉर्डमध्ये खुर्चीत बसवून सलाईन लावतात आणि संध्याकाळी घरी सोडतात. लाल रंगाचं एक औषध येताना दिसलं की माझ्या पोटात आधीच ढवळायचं. तुम्हालाही होईल. ते मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, नर्सला सांगा. त्यावर गोळी असते.

व्हिसा संपला तशी आई परत गेली. शाळा सुटली की रुबेन माझ्याजवळ येऊन बसायचा. मॅच असली तर आम्ही मोबाइलवर बघायचो. वर गेलेला त्याचा क्लब केव्हाच पुन्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आला होता. मी म्हटलं, इतकी वर्षं वाट बघितली, त्याचं काय झालं मग? "आम्ही वर गेलो होतो," तो म्हणाला. "ते कुणी परत घेऊ शकत नाही." दुसऱ्याच्या मैदानावर मॅच असली की मी गोलपेक्षा स्टँडकडेच बघायचो. कोण दगडी चेहऱ्यानं बसलंय ते शोधत. बसची आणि पुलाची गोष्ट मी सांगितल्यापासून मृणाललाही तो नाद लागला.

उपचार संपल्यावर पेट स्कॅन झाला. यात किंचित किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात. कॅन्सर जिवंत असेल तर ती साखर तिथे गोळा होते आणि स्कॅनमध्ये चमकते. त्याचा निकाल घ्यायला आम्ही गेलो. पार्किंगला जागा मिळेना. नंबर जवळ आला होता म्हणून मृणालनं मला दारात सोडलं आणि ती जागा शोधायला गेली.

वेटिंग रूममध्ये माझ्याशेजारी एक शेतकरी नवरा-बायको होते. त्यांचा मुलगाही पेट स्कॅनचाच निकाल घ्यायला आत गेला होता. बाई मला गाईंच्या गमती सांगत होत्या. मग नर्स आली आणि त्यांना बाजूच्या छोट्या खोलीत घेऊन गेली. त्या खोलीत सोफा आहे आणि टिश्यूचा डबा आहे. इथे येणाऱ्या सगळ्यांना ती खोली माहीत आहे.

माझा नंबर लागला. मृणाल अजून आली नव्हती. दुसरे दोन कान बरोबर ठेवा असं तुम्हाला सांगणारा मी पुन्हा एकटाच आत गेलो.

"काहीच चमकत नाहीये," कन्सल्टंट म्हणाले. "स्कॅन साफ आहे." मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदाही.

बाहेर आलो तर ती आई परत त्याच खुर्चीत बसली होती. शेतकरी उभा होता, बायकोची पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून. तेवढ्यात मृणाल धापा टाकत दारातून आत आली. तिनं माझा चेहरा पाहिला आणि जागच्या जागी थबकली. तिचा रंगच उडाला. मला तिला मिठी मारायची होती, ओरडायचं होतं, नाचायचं होतं. मी तिच्याजवळ गेलो आणि कानात म्हणालो, "पुलापर्यंत थांब."

एक क्षण तिला कळलं नाही. मग कळलं. तिनं खालचा ओठ दातांत धरला, स्कार्फ नाकापर्यंत ओढला आणि जमिनीकडे बघत चालायला लागली. जाताना मी त्या आईच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात थोपटला. मलाही वाईटच बातमी मिळाली असं त्यांना वाटलं असावं. वाटू दे.

गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही. आमचं घर शॅनन नदीच्या पलीकडे आहे. सिग्नल लागले, ट्रॅफिक लागलं, मृणाल गिअर बदलत राहिली. पूल आला. खाली नदी नेहमीसारखी करडी होती. आम्ही सावकाश पलीकडे आलो. तिनं गाडी कडेला घेतली, काच पूर्ण खाली केली, आणि मी तोंड उघडायच्या आत, उभ्या आयुष्यात कधी आवाज न चढवलेली माझी बायको ओरडली,

"गोल!"