उलट्या बाजूने भरलेला रुमाल

आमच्या चंब्यात मुलीच्या लग्नातलं मिठाईचं ताट उघडं जात नाही. त्यावर रेशमाने भरलेला मलमलीचा रुमाल हवाच. आणि वरपक्षाच्या बायका मिठाईकडे नंतर बघतात, आधी रुमाल उलटा करून पाहतात. इथला दोरुखा टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायला हवा. गाठ नको, लोंबता धागा नको. एखादी गाठ सापडली की मुलीला पहिलं मूल होईपर्यंत तिच्यावरून ऐकून घ्यावं लागतं.

आमच्या शेजारची मस्तो जन्मभर फुलंच भरत आली. बटवे, केसांचे पट्टे, ओढणीच्या किनारी. मिंजरच्या जत्रेत तिच्या बटव्यांपुढे बायकांची झुंबड असते. लग्नाच्या रुमालाला मात्र तिची सुई कधी लागली नव्हती, कारण ती डाव्या हातात चालते. जेवण, पूजा, लाटणं सगळं उजव्याने. सुई धरली की उजवा हात लाकडाचा होतो. शगुनाच्या कापडाला डावा हात नको, हा सासूचा नियम. सासू गेली आणि नियम थोरली जाऊ बिमलो सांभाळू लागली.

मस्तोच्या तनुजाचं लग्न चुवाडीला ठरलं तेव्हा मस्तोने धीर करून विचारलं, "बोबो, माझ्या पोरीचा रुमाल मी भरू?" थोरल्या जावेला ती बोबोच म्हणते.

"नक्षी तू काढ. भरणार मी," बिमलो म्हणाली. "पोरीचा संसार उलटा नकोय मला."

मस्तोने कोळशाने नक्षी काढली. मधे डाळिंबाचं फुललेलं झाड, कडेने चमेलीची वेल. बिमलोने ती भरायला घेतली, आणि सुरेख भरली, खोटं कशाला बोलू! पण झाड अर्ध्यावर आलं असताना ती झऱ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर.

"बाजारातून आणू एखादा," मस्तोचा नवरा म्हणाला.

"आणा की!" बिमलो अंथरुणातूनच कडाडली. "चुवाडीच्या म्हाताऱ्या जेवण सोडून गाठी मोजत बसतील."

मी तेव्हा त्यांच्याकडे मदरा, आमची दह्यातली चण्यांची भाजी, घेऊन गेले होते. मस्तोने मलमलीचा एक तुकडा घेतला, बिमलोच्या डाळिंबासारखं डाळिंब भरलं आणि तिच्यापुढे धरलं. बिमलोने तो तुकडा रुमालाशेजारी ठेवला.

"बघा भाभी, तुम्हीच बघा," ती मला म्हणाली. "माझे टाके उजवीकडे कललेत, हिचे डावीकडे. अर्ध्या झाडाला रावीकडचा वारा, अर्ध्याला डोंगरावरचा. आंधळीलासुद्धा कळेल!"

खरंच होतं ते. मस्तोचा चेहरा उतरला. तुकडा उचलून ती अंगणात गेली आणि तिथेच उभी राहिली. मी मागोमाग गेले तर तिने तुकडा उन्हासमोर धरलेला. एकदा इकडून बघे, एकदा तिकडून.

"भाभी," ती हळूच म्हणाली, "मागून बघितलं तर माझं डाळिंब उजवीकडे कलतंय."

मलाही ते दिसलं. टाका तोच; पण कापड उलटं केलं की डावीकडचा कल उजवीकडचा होत होता. आणि दोरुख्याची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ! मस्तो धावत आत गेली.

"बोबो, मी रुमाल पालथा घालते. कोळशाची रेघ मलमलीतून दिसते. मागून भरेन. समोर तुझाच टाका येईल."

बिमलोने चांगल्या हाताने रुमाल तिच्याकडे सरकवला.

"एक फूल भर. माझ्यासमोर."

मस्तोने भरलं. सुलट करून दिलं. बिमलोने ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "पानांचा हिरवा जरा उजळ घे. आणि पाय पसरून बसू नकोस, रुमाल आहे तो, गोधडी नाही!"

एवढंच. पण मस्तोच्या डोळ्यांत पाणी आलं.

लग्नात चुवाडीच्या बायकांनी ताटावरचा रुमाल उचलला. उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा. शेवटी सुलट बाजू कोणती, यावरून त्यांच्यातच वाद जुंपला. नवऱ्याची आजी चष्मा पुसत म्हणाली, "गाठ नाही गं बाई कुठे! पण ऐकलं, दोघींनी भरलाय. कुणाचं कुठवर?"

"शोधा की, दादी," बिमलो म्हणाली. आता तिला भलताच जोर चढला होता. "चुवाडीत नजरवाल्या बायका कमी आहेत का?"

एकीने चमेलीवर बोट ठेवलं, एकीने बुंध्यावर. बिमलो मान हलवत राहिली. मग आजीने रुमाल तिच्याच पुढे केला. "तूच दाखव."

बिमलोने बोट नेलं, थांबवलं, जरा सरकवलं. आणि मोठ्याने हसली. "मलाही सापडत नाही!"

सगळा मांडव हसला. आजीने मस्तोला पुढे बोलावलं. "बघू तरी तो हात." सवयीने मस्तोने उजवा हात पुढे केला.

"तो नाही गं!" प्लास्टरातल्या कोपराने जावेला ढोसत बिमलोने तिचा डावा हात पदराखालून ओढून काढला आणि आजीच्या मांडीवर ठेवला. आजीने त्या हातावर कुंकू लावलं, त्यात शगुनाचा नारळ ठेवला, आणि बोटं स्वतः मिटवली.