कॅलेंडरवरची अर्धी करंगळी

नानाजी ड्रायव्हर गाडी पुढे काढण्याआधी ती वाट स्वतः चालून बघत. घाट असो, नाला असो, ते चपला काढून सीटखाली सारत, पायजमा गुडघ्यावर गुंडाळत आणि अनवाणी पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन परत येत. ऊन कितीही असो, बघायला शे-दोनशे माणसे जमलेली असोत, त्यांना घाई नसे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, हा माणूस कसलातरी नवस फेडतो आहे. विचारले, तर म्हणाले, "गाडीले दिवे दोन, बीए. पायाले बोटं दहा."

बीए म्हणजे मी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. वडील बल्लारपुरात लाकडाच्या डेपोवर हमाली करत. वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसून मी शिकलो आणि मराठी चांगले लिहितो एवढ्या भांडवलावर चंद्रपूरच्या एका जीपगाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला लागलो. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कार्यालये, नवे ठेकेदार; ज्याला त्याला गाडी हवी होती. कंपनीचा इंग्रजी मजकूर मुंबईहून येई. त्याचे मराठी करायचे, तो भिंतींवर रंगवून घ्यायचा आणि आठवडी बाजारात भोंग्यावरून बोलायचे, हे माझे काम. लोकांसमोर गाडी चालवून दाखवायची, हे नानाजींचे.

शोरूमचे मालक शेठजी यांनी ओळख करून दिली तेव्हा नानाजींनी माझा हात हातात घेतला. पकड दणकट होती, पण काहीतरी कमी वाटले. त्यांची उजवी करंगळी अर्धीच होती. पूर्वी जंगलातून बांबूचे ट्रक आणत, तेव्हा ती साखळीत सापडली होती. माझी नजर ओळखून ते म्हणाले, "बाकी साडेनऊ शाबूत हायेत."

कंपनीच्या एका इंग्रजी ओळीवर मी तीन दिवस घालवले आणि लिहिले, 'वाट संपते, गाडी थांबत नाही.' शेठजींनी पाठ थोपटली. राजुऱ्यापासून मूल गावापर्यंत ती ओळ भिंतीभिंतीवर गेली. माझ्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. एका रविवारी ते सायकलने अशा एका भिंतीपाशी गेले, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि घरी येऊन आईला तोंडपाठ म्हणून दाखवली. तेवढा आनंद मी त्यांना पुढे कशानेही देऊ शकलो नाही. नानाजी मात्र त्याच भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "लिवलं चांगलं. पन गाडीले इचारलं काय?"

बाजारात त्यांना बघणे हा एक सोहळा असे. कोणी म्हातारा विचारी, ही खाते काय? नानाजी म्हणत, "माह्यापेक्षा जास्त, आन् काम माह्यापेक्षा कमी." डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया हसत, तर त्यांना ते मागच्या बाकावर बसवून बाजाराला एक चक्कर मारून आणत. बसायला लाजणारीला सांगत, "बस ना बाई, लोखंडच हाये." शेठजी रागावत, सीटला चिखल लागतो म्हणून. मग भोंग्यावर माझा आवाज लागे, नानाजी अनवाणी वाट चालून येत, आणि गाडी नाल्यात उतरून तुषार उडवत पलीकडे चढे. लोक टाळ्या वाजवत. मला वाटे, माझ्या वाक्यानेच ती चढली.

एकदा आदल्या दिवशी दुपारी मी बॅनर घेऊन बाजाराच्या गावी लवकर पोचलो. नाल्यावर गेलो, तर नानाजी चार गड्यांना घेऊन पाण्यात वाकलेले. काठावर सपाट गोट्यांचा ढीग होता. एकेक गोटा पाण्याखाली नेऊन चाकांच्या रुंदीने दोन रांगांत मांडला जात होता, वर वाळू पसरली जात होती. वरून काही दिसत नव्हते; रांग अनवाणी पायांनाच कळणार होती. दुसऱ्या दिवशी ज्या वाटेला मी भोंग्यावरून 'बिनवाटेची' म्हणणार होतो, ती पाण्याखाली फरसबंद होत होती.

मी तिथेच काठावर बसलो. इतक्या बाजारांत मी भोंग्यावरून ओरडलो होतो, ते सगळे एकदम आठवले. ही लोकांची फसवणूक आहे, असे काहीतरी मी म्हणालो. नानाजींनी हात धुतले, माझ्या शेजारी येऊन बसले. समद्या कंपन्यांचे असेच चालते, असे ते समजावू लागले. घेणारे सगळे ठेकेदार, उन्हाळ्यात गाडी फिरवणारे, पावसात घरी बसणारे. त्यांचे काय बिघडते? मी ऐकत नाही असे पाहून त्यांनी माझ्याकडे वळून बघितले.

"तू शब्द मांडतं, मी गोटे मांडतो. आपला धंदा एकच, बीए."

दुसऱ्या दिवशी मी भोंगा हातात घेतला आणि नेहमीसारखाच बोललो. तेही लिहून ठेवले पाहिजे.

पुढच्या वर्षी जिवतीकडच्या डोंगरातून मंदाबाई आल्या. तिथे नाल्यापलीकडच्या गावात एका संस्थेचा छोटा दवाखाना होता. मंदाबाई तिथल्या नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. संस्थेने एक गाडी मंजूर केली होती. एकच, आणि पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. त्यांनी गाडीचा रंग पाहिला नाही, सीटला हात लावला नाही. एकच विचारले, भादव्यात माझ्या नाल्यातून पेशंट घेऊन ही निघेल का? त्या वेळी कंपनीचे साहेब मुंबईहून आलेले होते. ते हसून म्हणाले, तुमच्याच नाल्यातून काढून दाखवतो. त्यांना नव्या कॅलेंडरसाठी जंगलातला फोटोही हवा होता. एका दगडात दोन पक्षी.

आदल्या दिवशी नानाजी आणि मी जागा 'तयार' करायला पुढे गेलो. नाल्याला पाणी मांडीएवढेच होते, पण तळाला गाळ होता. सिस्टरनी आम्हाला कोरा चहा दिला आणि आपणहून सांगू लागल्या. मागच्या पोळ्याला गावातल्या भीमाला साप चावला. नेहमीप्रमाणे बाजेवर घालून, नाला पायी ओलांडून सडकेला न्यायचे ठरत होते. तेवढ्यात कोणी म्हणाले, ठेकेदाराची जीप गावात आली आहे, तिच्यातून नेऊ, लवकर पोचेल. ठेकेदारही भला, लगेच तयार झाला. गाडी नाल्याच्या मध्यावर रुतली. लोक ती काढत बसले. आता निघेल, मग निघेल, असे होत गेले, आणि भीमाने मागच्या बाकावरच जीव सोडला. "बाजेवर नेला असता तर वाचला असता, असं मी म्हणत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण गाडी निघेल म्हणून आम्ही थांबलो, हे खरं आहे."

नानाजींनी एवढेच विचारले, "ठेकेदार कोन होता?"

सिस्टरनी नाव सांगितले. हा ठेकेदार मी ओळखत होतो. मूलच्या बाजारात आमची गाडी नाल्यातून निघालेली पाहून त्याने तिथेच सौदा ठरवला होता. भोंग्यावर मी होतो. पाण्याखालचे गोटे नानाजींचे होते.

गोटे वाहायला गावातले चौघे येऊन थांबले होते. त्यांना नानाजींनी चहा पाजून परत पाठवले. मी विचारले, तर म्हणाले, आज पाय दुखून राह्यले. मला वाटले, सकाळी मांडतील.

सकाळी साहेब, शेठजी आणि फोटोग्राफर आले. सगळे गाव काठावर जमले. नानाजी गाडीकडे निघाले. त्यांच्या पायात चपला होत्या. शेठजींच्याही ते लक्षात आले. त्यांनी नुसते बोटाने पायांकडे दाखवले. "आज नाई काढत, शेठ," नानाजी म्हणाले आणि सिस्टरना त्यांनी शेजारच्या सीटवर बसवले.

साहेबांनी खूण केली. मी भोंग्यावर माझे वाक्य म्हणालो. गाडी झोकात पाण्यात उतरली, मध्यापर्यंत गेली आणि बसली. मागची चाके जागच्या जागी फिरून काळा गाळ उडवू लागली. गाडी आणखी खाली गेली. नानाजींनी इंजिन बंद केले. एकाएकी इतके शांत झाले, की ते सिस्टरशी जे बोलले, ते आम्हा सगळ्यांना काठावर ऐकू आले.

"पाह्यलं बाई? हे इथवर येते. इथून पुढं मानसं लागतात. मोजून घ्या."

सिस्टरनी विचारले, किती?

नानाजींनी काठाकडे हात केला. चार माणसे उतरली. गाडी हलली नाही. आणखी चार उतरली, मग आणखी. नानाजींनी सिस्टरना स्टेअरिंग सरळ धरून ठेवायला सांगितले आणि स्वतः चपलांसकट गाळात उतरून मागून जोर लावला. बारा माणसे आणि नानाजी, तेव्हा कुठे गाडी पलीकडे लागली. साहेब ओरडत होते. फोटोग्राफर मात्र एकामागून एक फोटो काढत होता. मी काठावर भोंगा धरून उभा होतो. उतरलो नाही.

नानाजींची नोकरी तिथेच गेली. किल्ली परत देताना ते साहेबांना म्हणाले, "गाडी चांगली हाये जी. तिच्यासाठी झूट कायले बोलता?" परतताना मी त्यांना म्हणालो, मीही सोडतो. तेव्हा मात्र ते रागावले. "नोको सोडू. तुह्या बापानं भिंत वाचून घेतली हाये. तू फक्त वाक्य बदल." मी नोकरी सोडली नाही. वाक्य बदलण्याबद्दल शेठजींना एकदा विचारले. ते म्हणाले, ते वाक्यच गाड्या विकते आहे.

पंधरा दिवसांनी सिस्टर शोरूममध्ये आल्या आणि त्यांनी तीच गाडी विकत घेतली. शेठजी चाट पडले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, आता मला कळलं ना ही कुठवर येते. मग त्यांनी नानाजींचा पत्ता विचारला. पुढची सगळी वर्षे नानाजी त्या दवाखान्याच्या गाडीवर होते. नाल्याच्या सडकेकडच्या काठावर त्यांनी बांबूचे छप्पर उभारले. मृग लागला की गाडी तिथे आणून ठेवायची, ती दिवाळीपर्यंत नाला ओलांडायची नाही. पेशंट बाजेवरून नाला पार करी आणि अलीकडे गाडी तयार असे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईहून कॅलेंडरांचा गठ्ठा आला. मी एक उलगडले आणि बघतच राहिलो. तोच नाला, तीच गाडी. पण बारा माणसे नव्हती. ती पुसून तिथे निळे पाणी रंगवले होते. स्टेअरिंगवर सिस्टरऐवजी काळा चष्मा आणि टोपी घातलेला एक गोरा तरुण बसवला होता. पलीकडच्या काठावर एक वाघही काढला होता. खाली माझे वाक्य. मी पुन्हा पुन्हा बघत होतो, तेव्हा गाडीच्या मागच्या फळीवर काहीतरी दिसले. पुसणाऱ्याच्या नजरेतून चार बोटे सुटली होती. शेवटचे अर्धेच होते.

ते कॅलेंडर घेऊन मी नाल्यावर गेलो. मला वाटले होते नानाजी चिडतील. त्यांनी छपराखालच्या उजेडात ते नीट धरले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "वाघ चांगला काढला." मग त्यांनी आपला हात त्या चार बोटांशेजारी ठेवला. हसले नाहीत. म्हणाले, "वाक्य तुहं हाये. तूच दुरुस्त कर." मी पेन काढले. माझी ओळ खोडली आणि खाली लिहिले, 'ही गाडी नाल्यापर्यंत येते. पुढे बारा माणसे लागतात.' नानाजींनी ते मला दोनदा वाचायला लावले, माझ्या वडिलांसारखे. मग छपराच्या खांबाला खिळ्याने ठोकले. पुढच्या जूनमध्ये मी गडचिरोलीकडच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागलो.

नानाजी गेले ते बऱ्याच वर्षांनी, भादव्यात, दवाखान्याच्या गावीच. तापाने. निरोप मिळताच मी निघालो; अंधारात वाट सोडून भलतीकडेच नाल्यात उतरलो आणि गाळात फसत गावात पोचलो. नानाजींच्या घरचे लोक बल्लारपुरात वाट बघत होते. म्हणजे नानाजींनाही बाजेवरून नाला ओलांडून गाडीपर्यंत आणायचे होते. पाणी मांडीएवढे होते. बारा माणसे बाजेला लागली. या वेळी मी काठावर थांबलो नाही. चपला काढल्या, पँट गुडघ्यावर गुंडाळली आणि गाळ कुठे आहे ते बघायला बाजेच्या पुढे पाण्यात उतरलो.

गाळ लागलाच नाही. पायाखाली सपाट गोटे लागत गेले, एकाला लागून एक, पार पलीकडच्या काठापर्यंत. चाकांसाठी दोन रांगांत मांडलेले नव्हते. बाज खांद्यावर घेतलेली माणसे चालतील, तेवढेच रुंद होते. मी मध्येच थांबलो. बाजेचा पुढचा दांडा धरलेला गडी मागून म्हणाला, "चाला ना गुरुजी, पाय नाई फसत. नानाजीभाऊ दरसाली मांडत होते."