थर्टीन्थमधले गाळलेले सूर

बाळांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोनदा म्हणालात, आजी, गिटार वाजवून दाखव. दोन्ही वेळा मी विषय बदलला. आता लिहिते, कारण डाव्या हाताची बोटं आखडू लागली आहेत आणि डॉक्टर फार वर्षांची हमी देत नाहीत.

गिटारच्या क्लासात साध्या कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, जमल्यावर सरांनी डॉमिनंट थर्टीन्थ ही कॉर्ड काढली. सर तिशीचे, खुलताबादहून बसने येऊन गारखेड्यात शिकवतात. मी आधीच वाचून गेले होते: जी या सुरापासून एकेक सूर सोडत वर गेलं की पहिला, तिसरा, पाचवा असे तेराव्यापर्यंत सात सूर होतात. सातही वहीत लिहिले होते. सरांनी दाखवले चार.

"बाकीचे तीन?"

"सोडा ना आजी. काही बिघडत नाय."

मी इंग्रजी शिकवत असताना कच्च्या मुलांना अवघड भाग असाच गाळून देत असे, त्यांना कळू न देता. म्हातारीची बोळवण चालली आहे, अशी माझी खात्री झाली. तसं असेल तर क्लास सोडायचा. बोटांची उरलेली वर्षं अर्धवट शिकण्यात घालवायची नव्हती.

शुक्रवारी अर्धा तास आधी जाऊन, दारात चपला काढून बाहेरच थांबले. आत इंजिनिअरिंगची एक मुलगी तीच कॉर्ड शिकत होती.

"सर, हे तर चारच झाले."

"तू पण? एक आजी वही काढून जाब विचारतात, ते काय कमी आहे? बोटं चार. सात सूर वाजवायला पायाची लावशील? तिसरा न सातवा पकड, वर तेरावा. पाचवा न नववा गेला तर कळत नाय. अकरावा तिसऱ्याशी लई भांडतो. ऐक."

त्यांनी वाजवलं. कानाला खरंच बोचलं.

माझं निम्मं समाधान झालं. निम्मंच, कारण सरांनी माझ्या चपला पाहून मला ऐकवायलाच हे सांगितलं नसेल कशावरून?

घरी मी त्या चारांतला एकेक सूर गाळून पाहिला. ई, म्हणजे तेरावा, गाळला की साधी सेव्हन्थ कॉर्ड उरते. बी, म्हणजे तिसरा, गाळला की कॉर्डचा चेहराच जातो. म्हणजे या कॉर्डपुरते सर खरं बोलले. पुढच्या नाइन्थ कॉर्डचं अजून तपासायचं आहे.

क्लास सोडलेला नाही. जी, एफ, बी, ई हे चार सूर माझ्या हातून अजून स्वच्छ वाजतात.