चार फुटांवरचं पाणी

गेल्या चैत्रात आमच्या घरामागे चार फुटांवर पाणी लागलं आणि त्यामुळे अख्खं गाव तीन दिवस पाण्यावाचून राहिलं. दोन्हींचं श्रेय थोडंफार माझ्याकडे जातं.

आमचं गाव दिंद्रुडच्या अलीकडे. आई-अण्णा दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि चैत्राच्या तोंडावर परततात. मी बीडला, होस्टेलवर. (घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं कळतं असा घरच्यांचा समज आहे. तो मोडायची हिंमत अजून झालेली नाही.) म्हणजे निम्मं वर्ष घराला कुलूप. तेवढ्यात गावात नळयोजना झाली, पण बंद घराला जोडणी कोण देणार? आई परतली तशी पुन्हा शिवारातल्या विहिरीवरून घागरी आणू लागली. त्या वर्षी तिचे गुडघे इतके दुखत होते की ती वाटेत दोनदा बसायची. अण्णांनी ठरवलं, घराजवळ बोअर घ्यायचा. बोअरची गाडी सोमवारी येणार होती आणि एकदा गेली की पावसाळा संपेपर्यंत येणार नव्हती. भोक एकच पाडायचं. जागा चुकली की आई आहेच आणि विहीर आहेच!

नेमकी मी सुट्टीला येताना भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते आणले होते. रूममेटनं नवा जोड घेतला आणि जुना मला दिला. त्यात अठ्ठ्याहत्तरऐवजी सत्त्याहत्तर पत्ते होते. हरवलेला कोणता ते मला माहीत नव्हतं, पत्त्यांना असावं. माझा त्यावर विश्वास होता असं नाही, पण माणसं पुढचं कसं ओळखतात याचं मला खरंच कुतूहल होतं. म्हणून एक वही केली आणि घरात जागा शोधायचे जेवढे प्रकार होतील, ते सगळे नोंदवायचे ठरवले.

पहिली आत्या, तीही आई-अण्णांबरोबरच ऊसतोडीवरून परतलेली. तिची पद्धत ज्वारीच्या दाण्यांची. मनात जागा धरायची, चिमूटभर दाणे घ्यायचे आणि दोन-दोन बाजूला सारायचे. शेवटी जोडी उरली तर हो, एकटा दाणा उरला तर नाही. आत्यानं न्हाणीमागची जागा धरली. एक दाणा उरला.

"चिमूट नीट न्हाई आली," आत्या म्हणाली. दुसऱ्यांदाही एकच. तिसऱ्यांदा जोडी उरली.

"बगितलं? न्हाणीच्या मागं!"

"पण आत्या, आधी दोनदा..."

"गप बस. देवाला बी इचार कराया टाइम लागतो!"

हे मी वहीत लिहिलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शब्बीरचाचा आले. ते मोटारी दुरुस्त करतात आणि बारा महिने गावातच असतात. "अण्णा, एक सांगायचं व्हतं. त्या न्हाणीच्या मागं..."

"चाचा, दाणे बी त्येच सांगायलेत!" अण्णा खूश होऊन म्हणाले. चाचा डोकं खाजवत गेले.

दुसऱ्या दिवशी दारात नंदीबैलवाला आला. अण्णांनी त्याला थेट न्हाणीमागेच नेलं. भर चैत्रात सगळं रान करपलेलं, पण तिथं हरळी हिरवीगार! नंदीबैलवाल्यानं गुबुगुबु वाजवलं. "सांग देवा, हितं पाणी हाय का?" नंदीनं मान हलवली. मग मान खाली घातली आणि हरळी खायला लागला. तो तिथून हलेचना!

"जागाच सोडंना," अण्णा गहिवरले. "लई मोठं पाणी असंल!"

"अण्णा, ऐका तर," कुंपणावरून चाचा. "ही हरळी का हिरवी हाय..."

"देवाची करणी, चाचा!" आत्यानं हात जोडले.

रविवारी शेजारच्या गावाहून महादूमामा आले, जमिनीखालचं पाणी शोधणारे पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते अंगणभर फिरले. न्हाणीमागे आल्यावर नारळ हळूहळू उभा राहायला लागला. मी वहीत तीनदा 'उभा' लिहिलं.

"महादू, मी काय म्हणतो..." चाचा पुन्हा आले.

"चाचा, नारळ पडंल!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो.

आता राहिले माझे पत्ते. मी बिचकतच अंगणात ओढणी पसरली, पत्ते पिसले आणि एक उचलला. चांदण्यांखाली एक बाई, तळ्याकाठी गुडघा टेकून बसलेली, दोन्ही हातांत घागरी.

"पाणी!" अण्णा उडालेच.

आत्या पत्त्यावर वाकली. "अगं बया! हिच्या अंगावर लुगडं कावून न्हाई?"

मी घाईघाईनं म्हटलं, "आत्या... ती न्हातीय बहुतेक."

"मंग झालं तर! न्हाणीच्या मागंच!"

इतका अचूक अर्थ माझ्या रूममेटलाही लावता आला नसता.

सोमवारी सकाळी गाडी आली. आत्यानं लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलून मशीनला हळदकुंकू लावलं. घरघर सुरू झाली. मिनिटभरात मशीनवाला ओरडला, "ओ, थांबा, थांबा!" आणि घराच्या पत्र्याच्या वर जाईल असं कारंजं उडालं!

"लागलं! पाणी लागलं!" अण्णा भिजत नाचले. महादूमामांनी नारळ फोडला. आत्यानं ओंजळभर तीर्थ घेतलं आणि म्हणाली, "पाण्याला दवाखान्यावानी वास येतोय गं. औषधी दिसतंय!" आई तेवढी घागरी भरत होती. (आमच्यातली शहाणी तीच.)

मग नळ सोडणारा सायकल टाकून धावत आला. "कोणी फोडली बे लाईन?"

चाचा सावकाश म्हणाले, "चार दिस झाले, हेच सांगायलो. तुमी कारखान्यावर गेलता, तवा गावाच्या नळाची मोठी लाईन हितूनच टाकली. माझ्या डोळ्यांदेखत. ती झिरपते, म्हणून हरळी हिरवी!"

"मंग आधी सांगायचं न्हाई का?" आत्या म्हणाली.

चाचांनी नुसतं आभाळाकडे बघितलं.

तीन दिवस गाव कोरडं होतं. लाईन उघडी करायला चर अण्णांनी खणला, पाईप चाचांनी जोडला. शेजारच्या म्हाताऱ्यांना विहिरीचं पाणी मी आणून दिलं, आणि वाटेत गावातली प्रत्येक बाई मला विचारायची, "काय गं, आज पत्ते काय म्हणायलेत?" चर खणलेलाच होता, म्हणून चाचांनी नळ सोडणाऱ्याला गळ घातली आणि आमच्या घराची राहिलेली जोडणीही लगोलग झाली. आता आईचा नळ न्हाणीमागेच आहे. अण्णा अजून पाहुण्यांना सांगतात, "जागा मातर बरोबर निघाली!"

होस्टेलवर परतल्यावर, माझं कुठं चुकलं ते बघावं म्हणून मी तो पत्ता पुन्हा काढला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. पत्त्यानं सगळं अगदी खरं सांगितलं होतं. ती बाई घागरी भरत नव्हती. दोन्ही हातांनी पाणी ओतून टाकत होती.