झोपेतले चोवीस श्वास

वहिनीचा फोन सकाळी सातला आला. "भावजी, हे गेले..." एवढंच बोलली. पहिला विचार आला, आता सांगायचं राहूनच गेलं. त्याच्या मागोमाग दुसरा, लाज वाटावी असा : आता सांगावं लागणार नाही. तेरा-चौदा दिवस तो दुसरा विचार घेऊन वावरलो. आता लिहितो.

काशिनाथ माझा सख्खा चुलतभाऊ, सहा वर्षांनी मोठा. अख्खं अंजूर त्याला दादूस म्हणायचं. शेतं गोदामांखाली गेल्यावर कुणी गाड्या घेतल्या, कुणी बंगले बांधले. दादूसने एक गावठी कुत्रा पाळला, भुऱ्या. रोज सकाळी दोघं खाडीच्या बांधावरून शेवटपर्यंत जाऊन यायचे. मग भुऱ्या खोकायला लागला, चार पावलांवर बसायला लागला. भिवंडीच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, डास चावून याच्या हृदयात किडे झालेत. औषधाने मरतील, पण मेलेले किडे फुप्फुसात अडकतात; तेव्हा हृदयावर जरा ताण आला की संपलं. म्हणून साखळीला बांधायचं, आणि गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजून लिहायचं. तीसच्या वर गेले की लगेच आणायचं.

"शाळंत मना पाडे आले न्हाय, आन आता बग, कुत्र्याचे श्वास मोजतंय," दादूस हसायचा. पण मोजायचा. दुपारी भुऱ्याशेजारी मांडी घालून, एक हात त्याच्या बरगडीवर, नजर घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. मध्येच कुणी हाक मारली, तर पुन्हा एकपासून. खिळ्याला सुतळीने टांगलेल्या वहीत आकडा उतरायचा.

पुढे अंबाडीला बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. चार दिवस दादूस-वहिनीला जावंच लागलं. घड्याळ माझ्या हातात देत म्हणाला, "तुजा गोदामान कामच लिवायचा हाय. ह्ये बी लिव. पन मोजून हां, बाला."

मी पूर्ण्याच्या गोदामात सुपरवायझर. आमच्याकडे गस्तीचं रजिस्टर आठवड्याला एकदा, एका बैठकीत भरलं जातं. सगळेच भरतात. पहिल्या दिवशी मी खरोखर मोजले : चोवीस. नंतरचे तीन दिवस फक्त भाकरी टाकून निघालो. आदल्या दिवशीची भाकरी तशीच पडलेली दिसत होती... दिसत होती आणि मी निघत होतो. चौथ्या दिवशी बसून लिहून टाकलं : चोवीस, सव्वीस, चोवीस.

डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, चार दिवस आकडा नीट राहिला तर थोडं चालवून बघा. परत आल्यावर दादूसने वही वाचली, माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या सकाळी साखळी सोडली. बांधाच्या निम्म्यावर भुऱ्या बसला, तो उठलाच नाही. दादूसने त्याला उचलून घरी आणलं. पुढे डॉक्टरबाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "आकडे तर चांगले होते..."

तेव्हापासून पाच वर्षं तो एकच वाक्य बोलायचा. "आकडं बराबर व्हतं रं. मीच जास्ती चालवला." आणि दर वेळी मी म्हणायचो, "जाऊ दे ना, दादूस." तो बांधावर पुन्हा गेला नाही. दुसरं कुत्रं आणलं नाही. ओट्यावर बसून राहायचा. पाय सुजले, मग दमही लागू लागला.

जायच्या दोन दिवस आधी दवाखान्यात त्याच्या उशाशी होतो. डोक्यामागे यंत्राचा पडदा लुकलुकत होता. त्याला मान वळवता येईना.

"किती हाय रं?"

मी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बराबर हाय," म्हणालो. त्याने डोळे मिटले. माझ्यावर विश्वास होता त्याचा.

कार्याच्या दिवशी वहिनीने ती वही खिळ्यावरून काढून माझ्याकडे दिली. "तुमचा बी अक्षर हाय त्यान. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी." तिला अजून काही ठाऊक नाही. हे छापून आल्यावर कुणीतरी वाचून दाखवील.

वही समोर आहे. माझ्या चार आकड्यांखाली दादूसचं वाकडंतिकडं अक्षर, "आज साकली सोडली." पुढची पानं कोरी. माझे चार आकडे मात्र टापटीप आहेत. दोन निळ्या शाईत, दोन काळ्या. वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखे दिसावेत, म्हणून मी मध्ये पेन बदललं होतं.