शबय अंकल

आमच्या बाबांच्या हातून मुखवटा कधी विकत घेतला गेला नाही. खेळण्यांच्या दुकानात वाघाचं, माकडाचं किंवा भुताचं रबरी तोंड टांगलेलं दिसलं, की ते माझा हात धरून दुसऱ्या बाजूला वळायचे. "तोंड रंगवूचा, झाकूचा नाय," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आजही लेकीच्या शाळेत फॅन्सी ड्रेस असला की पहिल्यांदा तेच कानात वाजतं.

आम्ही तेव्हा सौदीतल्या जुबैलला होतो. बाबा एका कंपनीच्या स्टोअरमध्ये सुपरवायझर होते आणि कंपाऊंडमध्ये आम्हाला दोन खोल्यांचं घर होतं. एका बाजूला केरळचं कुटुंब, समोर फिलिपिनो इंजिनिअर, आणि मागच्या दोन्ही रांगांमध्ये सगळे अमेरिकन. बाबा मूळचे कुडाळजवळच्या एका वाडीतले. तरुणपणी गावच्या दशावतारात उभे राहायचे, राजापासून राक्षसापर्यंत पडेल ते काम करायचे. सौदीत येऊन व्हॉल्व्ह आणि गॅस्केट मोजायची वेळ आली, पण आंघोळ करताना युद्धाच्या प्रवेशातले संवाद चालूच असायचे. आई साताऱ्याची. ती बाहेरून ओरडायची, "अहो, राक्षस मेला असेल तर बाहेर या, पाणी जाईल!"

ऑक्टोबर संपत आला की कंपाऊंडमधली अमेरिकन पोरं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरायची. पहिल्या वर्षी आमच्या दारात एक चेटकीण आणि एक भोपळा उभा राहिला, तेव्हा आईला काही सुचेना. चांगल्या घरची मुलं भीक का मागतायत, असं तिला वाटलं. बाबा मात्र खुर्चीतून उठून टाळ्या पिटायला लागले. "अगो, ह्यो तर शिमगो! आमच्याकडे दुसरा काय करतत?" कोकणात शिमग्याला सोंगं दारात येतात आणि 'शबय, शबय' म्हणत पैसे मागतात. बाबांनी त्या भोपळ्याला सांगितलं, की 'शबय' म्हटल्याशिवाय गोळी मिळणार नाही. भोपळा म्हणाला. चेटकीणही म्हणाली. पुढच्या वर्षी आमच्या दारात रांग लागली आणि अख्ख्या कंपाऊंडची पोरं घसा फोडून 'शबय' ओरडत होती. तेव्हापासून बाबा 'शबय अंकल' झाले. त्या पोरांपैकी काहींना हा त्यांचाच कुठलातरी जुना शब्द वाटत असेल, मी कधी कुणाला सांगायला गेले नाही.

मग आम्हीही फिरायला लागलो. पहिलं सोंग बाबांनीच ठरवलं, मला विचारलंसुद्धा नाही. मी मासेवाली. आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत नेसवलं, डोक्यावर टोपली, टोपलीत पुठ्ठ्याचे बांगडे. मला परी व्हायचं होतं. मी रडले. बाबा म्हणाले, "परी काय करता? नुसती उभी रवता. मासेवाली बोलता!" नुसतं मागायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. प्रत्येक दारात मी एक पुठ्ठ्याचा बांगडा द्यायचा आणि मग गोळी घ्यायची. मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी तो बांगडा फ्रिजवर चिकटवून ठेवला होता, आणि जाता-येता मला "फिश लेडी" म्हणून हाक मारायच्या. परी झाले असते तर कुणी ओळखही ठेवली नसती, हे आता पटतं. तेव्हा नव्हतं पटलं.

खरी परीक्षा दारात असायची. मेकअप झाला, म्हणजे फार्मसीतली झिंकची पांढरी पावडर खोबरेल तेलात कालवून तोंडाला लावली, काजळाने भुवया काढल्या, की बाबा आम्हाला बाहेर काढून दार लावून घ्यायचे. आम्ही दार वाजवायचं. ते आतून राजासारखा आवाज काढून विचारायचे, "कोण तुमी? खयसून इलात? काय काम काढलात?" सोंगाला शोभेल असं उत्तर द्यायचं. अडखळलो तर परत आरशासमोर. मी नर्स झाले त्या वर्षी मला तीनदा मागे फिरवलं. "पेशंट खय? तेका काय झाला? माहीत नाय तर नर्स कसली गो तू?" शेवटी चिडून मी सांगितलं की पेशंट आमचे बाबाच आहेत आणि त्यांना बडबडीचा आजार झालाय. दार ताबडतोब उघडलं.

माझा धाकटा भाऊ नंदू या खेळात इतका रंगला, की वर्षभर कुणीही दार वाजवलं तरी तो आतून ओरडायचा, "कोण तुम्ही? कुठून आलात?" गॅसचं सिलिंडर आणणाऱ्या पाकिस्तानी ड्रायव्हरला हे पाठ झालं होतं. तो बाहेरूनच हसत सांगायचा, "मुलतान से आया हूँ, साहब, गॅस लाया हूँ."

आम्ही मोठे होत गेलो तसे बाबा मागे सरकत गेले. आधी सोंग ते ठरवायचे. मग दोन-तीन सुचवायचे आणि निवड आमची. दहा-अकरा वर्षांची झाल्यावर त्यांनी मला सांगून टाकलं, की सोंग तुझं तू बघ, दारात विचारायचं काम तेवढं माझं. म्हणूनच कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं त्या वर्षी मी रबरी मुखवटा घालायचं ठरवलं. अमेरिकन कुटुंबं भराभर मायदेशी निघाली होती आणि माझ्या एका मैत्रिणीने जाताना तिचं चेटकिणीचं तोंड मला दिलं होतं. ती गेल्याचं दुःख होतं आणि ते तोंड मला घालायचंच होतं. बाबा नाही म्हणाले.

"निवड माझी म्हणाला होतात!"

"निवड तुझी. तोंड पण तुझाच दिसाक व्हया."

"दशावतारात गणपतीला तोंड लावतातच की!"

"तो देव. तेका चलता."

मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि एक गोष्ट सांगितली. ते लहान असताना शिमग्यात तोंडं झाकून काही माणसं आली होती आणि जमिनीच्या भांडणावरून त्यांच्या वडलांना मारहाण करून गेली. माणसं गावचीच होती. दुसऱ्या दिवशी त्यातलेच काही विचारपूस करायला आले असणार, चहा पिऊन गेले असणार. कोण ते आजोबांना मरेपर्यंत कळलं नाही. "तोंड झाकल्यार माणसाक लाज रवणा नाय, बायो," एवढं म्हणून ते उठले. मी तो मुखवटा कपाटात ठेवून दिला. त्या वर्षी सोंगं घेऊन फिरायला कंपाऊंडमध्ये फारसं कुणी उरलंही नव्हतं.

आणि जानेवारीत, इराक विषारी वायूचे बॉम्ब टाकील या भीतीने, कंपनीने गॅस मास्क वाटले. ते स्टोअरमधून द्यायचे होते, म्हणजे बाबांच्याच हातून. दिवसभर घरोघरच्या लोकांना तोंडं झाकायला शिकवून ते घरी आले आणि त्यांनी आमची चार खोकी टेबलावर ठेवली. आतल्या खोलीच्या खिडक्यांना आम्ही प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावली. भोंगा झाला की सगळ्यांनी तिथे जायचं, दाराखाली ओला टॉवेल दाबायचा आणि मास्क चढवायचे, असं ठरलं.

पहिला भोंगा दिवेलागणीला झाला. आईने पिठल्याखालचा गॅस बंद केला आणि आम्ही आत धावलो. बाबांनी मास्क चढवला, आईने चढवला, मी चढवला. नंदूने आमच्याकडे पाहिलं आणि असा किंचाळला, की तो आवाज मी विसरू शकत नाही. त्याची तीन माणसं नाहीशी झाली होती आणि तीन काळी तोंडं त्याला धरायला येत होती. आई त्याला मांडीत घट्ट धरून मास्क लावू पाहत होती. तो ओरबाडत होता, लाथा झाडत होता. "चोर! चोर आहेत!" तोंड झाकतो तो चोर, हे बाबांनीच त्याला शिकवलं होतं. बाहेर भोंगा चालूच होता. विषारी हवा खरंच येईल का, आली तर किती वेळात, यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की नंदूचं तोंड उघडं आहे.

बाबा उठले. टॉवेल सारून दार जेमतेम उघडलं, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. आई मास्कमधून ओरडली, "अहो! कुठे निघालात?" मी टॉवेल परत दाबला. बाबा आम्हाला सोडून गेले असं क्षणभर मला खरंच वाटलं.

मग दार वाजलं. तीन ठोके, नेहमीसारखे.

नंदू हुंदके देत थांबला. सवयच ती. "कोण... कोण तुम्ही? कुठून आलात?"

"मी बेबो!" बाहेरून घोगरा आवाज आला. बेबो म्हणजे आमच्या गावच्या बोलीत बेडूक. "पाण्याच्या तळासून इलंय. वरती माका हवा घेवक ह्या यंत्र लागता."

"काय काम काढलंत?"

"माझो झील, माझो बारको पोर, हरवलो. हय इलो काय?"

नंदूने नाक पुसलं. "कसा दिसतो?"

"तेच्या तोंडार पण असलाच यंत्र असा. ता नसला तर मी तेका वळखतलंय कसो? दार उघडूचा कसा?"

मग नंदूने आईच्या हातातला मास्क घेतला, स्वतः तोंडावर धरला आणि मागचे पट्टे बांधायला माझ्याकडे पाठ केली. मास्कच्या आतून बारीक आवाज आला, "मीच तो."

दार उघडलं. बेडूक आत आला आणि पोराला कुशीत घेऊन भिंतीला टेकून बसला. त्या दिवशी विषारी हवा आली नाही, पुढेही कधी आली नाही. भोंगे मात्र पुष्कळ झाले, आणि प्रत्येक वेळी आमच्या खोलीत बेडकांचं कुटुंब बसलेलं असायचं. पुढच्या ऑक्टोबरात नंदूने बेडकाचंच सोंग मागितलं. मास्क घरात होता. बाबांनी तो हातात घेतला आणि परत खोक्यात टाकला. "लढाय संपली. आता तोंड रंगवूया," म्हणाले आणि हिरव्या रंगाचा डबा उघडला.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतर ते कुडाळला येऊन राहिले होते. शेवटी फुप्फुसांनी दगा दिला. दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क लावला की ते खेचून काढायचे. नर्स लावायची, ते काढायचे. आईने विनवण्या केल्या, मी रागावले, डॉक्टर म्हणाले हात बांधावे लागतील. त्यांना बोलायला दम पुरत नव्हता, पण मान हलवून नाही म्हणायला पुरत होता. हात बांधलेले बाबा मला बघवले नसते.

नंदू त्या दुपारी बंगळूरहून थेट आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो आत येऊन बाबांकडे बघत राहिला, मग बाहेर गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मग तीन ठोके.

बाबांनी डोळे उघडले. ओठ हलले. मी वाकून ऐकलं आणि दाराकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "कोण तुमी? खयसून इलात?"

"मी बेबो," बाहेरून मोडक्यातोडक्या मालवणीत उत्तर आलं. जन्मभर आम्ही दोघं घरी ती बोली फक्त ऐकत आलो होतो. "पाण्याच्या तळासून इलंय. माझो बापूस हरवलो. तेच्या तोंडार यंत्र असा. ता नसला तर मी तेका वळखतलंय कसो?"

बाबा दाराकडे पाहत होते. मग त्यांनी गळ्याशी लोंबणारा मास्क हळूहळू वर ओढून स्वतःच नाकातोंडावर बसवला. प्लास्टिकवर वाफ धरली. आतून काही शब्द आले. मला ते ऐकू आले नाहीत, पण काय होते ते मला माहीत होतं. मी दार उघडलं.