नानांच्या टाकीला लाल ठिगळ

लोक मोटरहोम घेतात ती डोंगरदऱ्यांत मनसोक्त भटकायला. आमच्याकडे ती आली नानांना तासातासाला लघवीला लागते म्हणून. नाना म्हणजे माझे सासरे. वय शहात्तर, कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी आणि प्रोस्टेटचे आजी रुग्ण. सहा वर्षांपूर्वी कोकणातून परतताना बसच्या ड्रायव्हरला 'थांब' म्हणायची त्यांना लाज वाटली आणि नको ते झालं. तेव्हापासून नाना पुण्याबाहेर पडलेले नाहीत. कारण विचारलं की म्हणायचे, "बाहेर बघण्यासारखं आहे काय?" हे उत्तर पुण्यात सहज खपतं, त्यामुळे कोणाला संशयही आला नाही.

पण त्यांच्या थोरल्या बहिणीने, गुहागरच्या आक्काने, ऐंशी पूर्ण होताच, म्हणजे कार्याच्या आठ महिने आधी, फोन करून सहस्रचंद्रदर्शनाचं आमंत्रण दिलं. नाना नेहमीसारखे 'बघू' म्हणाले. त्यावर आक्का शांतपणे म्हणाली, "बघ बाबा. यापुढचं आमंत्रण मी द्यायची नाही, दुसरं कोणीतरी कळवील." नानांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मग माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि आठ महिन्यांचे शनिवार-रविवार तिच्यात घातले. दोन बाक, एक ओटा आणि मागे कपाटाएवढा संडास. (तुम्हाला असं काही करायचं असेल तर आरटीओची मंजुरी आधी घ्या, नंतर घेणाऱ्यांच्या कहाण्या मी ऐकल्यात.) संडासाखाली मैल्याची प्लास्टिकची टाकी. वास येऊ नये म्हणून त्यात निळं औषध घातलेलं दोन बादल्या पाणी असतं. "जमिनीपासून जरा खाली लोंबतेय," मी म्हणाले होते. "मी इंजिनिअर आहे," मिलिंद म्हणाला होता. हे दोन्ही खरं होतं.

शुक्रवारी सकाळी सहाला नारळ फोडला. नानांनी पार्किंगमध्येच संडासाचं विधिवत उद्घाटन केलं आणि आम्ही निघालो. साताऱ्यावरून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर असा बेत होता. ताम्हिणीपेक्षा लांब पडतं, पण एवढं धूड घेऊन मला ती वळणं नको होती. वारज्याच्या पुलाजवळ एक स्कूटरवाले काका शेजारी आले, काच खाली करायला लावली आणि म्हणाले, "रस्ता शिंपडायचं कंत्राट मिळालंय का?"

उतरून पाहिलं, तर मागे निळी धार!

गाडी वळवली. त्या निळ्या रेघेचा माग काढत आम्ही कर्वे पुतळ्यावरून पार सोसायटीच्या फाटकापर्यंत आलो. रेघ सुरू होत होती ती बरोबर स्पीडब्रेकरपाशी. आता हा स्पीडब्रेकर साधासुधा नाही. पोरं बाइक दामटतात म्हणून सेक्रेटरी असताना नानांनी तो स्वतः उभं राहून बांधून घेतला, कडेला लोखंडी अँगल बसवून. बांधणारा म्हणत होता, "साहेब, जरा उंच होतोय." नाना म्हणाले होते, "होऊ दे. ज्याला त्रास होतो त्याने उतरून ढकलत न्यावी." त्या अँगलला आमच्या टाकीच्या निळ्या प्लास्टिकची साल चिकटली होती.

नाना त्या सालीकडे बघत राहिले. मग घरात जाऊन त्यांनी बूट काढले. "तुम्ही दोघं जा. आक्काला सांगा, नाना आजारी आहे."

"अहो नाना, टाकीच आहे, जोडू की!" मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला. सहा वर्षांनी माणूस पुण्याबाहेर निघाला आणि वारज्यावरून परत आला.

मिलिंदने टाकी उतरवली, नाकाला रुमाल बांधून गरम पाणी आणि फिनेलने तीनदा धुतली आणि वीतभर भेगेवर दोन गोळ्या मळून लावायचा तो लांबी-लुकणाचा प्रकार थापला. संध्याकाळी पाणी भरलं, तर अख्खं लुकण पोळीसारखं सुटून त्याच्या हातात आलं. खाली उभा असलेला आमचा भाजीवाला सगळं पाहत होता. "साहेब, याला असलं काही धरत नाही. प्लास्टिकला प्लास्टिकच वितळवून लावतात. आमचे फुटके क्रेट मंडईमागे कलाबाई जोडतात, तिकडे न्या." आठ महिने इंटरनेटवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहणाऱ्या इंजिनिअरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शनिवारी सकाळी रिक्षा केली. मिलिंदला गाडीखाली पाइप बसवायचे होते, म्हणून टाकी सांभाळायला मी. नानाही आले. "मी येत नाहीच आहे, पण आक्काला अंजिरं पाठवतो," म्हणाले. टाकी आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि पुण्याच्या रिवाजाप्रमाणे काही न विचारता नाक मुरडलं.

कलाबाई पन्नाशीच्या, नाकात चमकी, भोवती लाल-पिवळ्या क्रेटची चळत. टाकी उलटीसुलटी करून त्यांनी विचारलं, "काय ठेवता यात?"

"पाणी," मी म्हणाले. "म्हणजे... वापरलेलं."

त्यांनी टाकी नाकाशी नेली. "ताई, मी भाजीचे क्रेट जोडते. खायाचा माल जातो त्यात. खरं काय ते सांगा, न्हाईतर उचला."

मी काहीतरी थाप जुळवत होते, तेवढ्यात नाना पुढे झाले.

"बाई, संडासाची टाकी आहे. माझी. मला तासाभरात लघवीला लागते, धरवत नाही. सहा वर्षं त्यापायी कुठे गेलो नाही. उद्या बहिणीकडे कार्य आहे, म्हणून मुलाने गाडीतच सोय केली. आणि ती फुटली तीही माझ्याच स्पीडब्रेकरवर."

भर मंडईत! शेजारचा फ्लॉवरवाला भाव ओरडायचा थांबला. मी चपलांकडे बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते. घरात आम्हाला इतकं सरळ त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"मग आधीच न्हाई का सांगायचं, आजोबा?" कलाबाई म्हणाल्या. "आमच्या मालकांचं बी तसंच हाय. ते एसटीत चढतानाच डायव्हरला सांगत्यात, मला लागती, थांबवायचं. थांबवतोय की त्यो. त्याला काय बाप न्हाई का?"

नाना हसले.

कलाबाईंनी टाकी पुन्हा एकदा धुऊन घ्यायला लावली, जमिनीवर वेगळं पोतं अंथरलं आणि क्रेटवर फिरवतात ती नव्हे, दुसरी जुनी इस्त्री काढली. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं. "न्हाईतर चीर पुढं पळती," त्या म्हणाल्या. मग एका मेलेल्या लाल क्रेटची पट्टी कापून ती तापल्या इस्त्रीने भेगेत वितळवत नेली. वर तळहाताएवढं लाल ठिगळ. पाणी भरून अर्धा तास ठेवलं. थेंब नाही! चारशे रुपये मागितले. मेथीच्या जुडीवरही घासाघीस करणाऱ्या नानांनी मुकाट्याने दिले. अंजिरं घेताना म्हणाले, "दोन डबे घे. वाटेत आपल्यालाही लागतील." 'आपल्याला' ऐकलं आणि मी रिक्षा आणायला जवळजवळ पळतच गेले.

साडेबाराला निघालो. स्पीडब्रेकरपाशी नाना खाली उतरले आणि "हळू... अजून हळू... अरे हळू म्हणजे कळतं का?" करत त्यांनी गाडी तिरकी काढली. पाटणच्या अलीकडे पिठलं-भाकरी चांगली मिळते, चुकवू नका. कुंभार्लीत खाली उतरताना गिअर खालचाच ठेवा. आठला आक्काच्या दारात होतो. तिने नानांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आलास? वाटलं, फोटो पाठवशील." मग त्यांचा हात धरला, तो जेवणाची पानं वाढेपर्यंत सोडला नाही. रविवारी ओवाळताना नाना तिच्या शेजारी बसले होते. मधे एकदा सगळ्या भटजींसमोर "आलोच, मला जाऊन यायचंय," म्हणून उठले. भटजी थांबले.

सोमवारी परतलो. मंगळवारी सकाळी मिलिंदने हातमोजे चढवले, तोंड बांधलं आणि सोसायटीच्या ड्रेनेजपाशी मोठ्या तयारीने टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. आलं ते फक्त आम्हीच घातलेलं निळं पाणी.

खरंच की! जाताना उंब्रजला, पाटणला, घाटाच्या तोंडाशी, येताना तर मोजलंच नाही, दर वेळी नाना पुढे वाकून म्हणत होते, "मिलिंद, थांबव रे, मला लागली." आणि आम्ही थांबत होतो. कधी पंप, कधी हॉटेल. मागच्या संडासाची कोणालाच आठवण झाली नाही.

"म्हणजे आठ महिने मी ही टाकी कशासाठी बसवली?" मिलिंद लाल ठिगळाकडे बघत म्हणाला.

"बसवलीस म्हणून तर फुटली," नाना म्हणाले. "नाहीतर मी मंडईत कशाला जातोय?"

आणि कोपऱ्यातून कुदळ घेऊन ते फाटकापाशी, आपल्या स्पीडब्रेकरकडे निघाले.